गढूळपणाचा हिशेब

डोंबिवली-ठाकुर्ली-कल्याण पट्ट्यात ज्याने निम्मं आयुष्य काढलंय, त्याच्या नाकाला कुठल्याही प्रयोगशाळेने हसू नये. रात्री अकरा वाजता खिडकीतून झुळूक येते आणि अंथरुणावर पडल्यापडल्या, डोळेही न उघडता, घरातलं वडीलधारं माणूस निकाल देतं, "आज आंबूस आहे. कंपन्यांचा." आतल्या खोलीतून लगेच दुरुस्ती येते, "छे! हा खाडीचा. ओहोटी असणार." आणि खरोखरच ओहोटी असते. डोळ्यांचंही तेच. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. उरलेल्या महाराष्ट्राने तोंडात बोटं घातली. आमच्याकडे चर्चा झाली ती हिरवा म्हणजे पोपटी की शेवाळी, याची.

तेव्हा रंग, वास आणि गढूळपणा यांवरून आत काय शिजतंय ते ओळखणं ही इथली घरोघरची विद्या आहे. म्हणूनच आमच्याकडे राहून बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या भाच्याने जेव्हा जाहीर केलं की, "मामा, मी बायोरिॲक्टरमधल्या पेशींची वाढ मोजणारा स्वस्तातला सेन्सर करतोय," तेव्हा घरात कुणी दचकलं नाही. ही फक्त एवढंच म्हणाली, "कर. माझी लोणच्याची मोठी बरणी तेवढी घ्यायची नाही."

ती त्याने आधीच घेतली होती.

बायोरिॲक्टर म्हणजे काय, हे त्याने आम्हाला जेवताना समजावून सांगितलं. ज्या भांड्यात जिवंत पेशींना खायला घालून, ऊब देऊन, गरज असेल तर हवा देऊन वाढवतात आणि मग त्यांच्याकडून आपलं काम करून घेतात, ते भांडं. लस, इन्शुलिन, पेनिसिलिन, इथेनॉल, बिअर, सगळं त्यातूनच येतं. आईने भात कालवता कालवता विचारलं, "म्हणजे विरजणाचं पातेलं?" भाच्याने घास तसाच धरून विचार केला आणि म्हणाला, "हो आजी. तसं बघितलं तर तेच." त्या दिवसापासून आई त्याच्या प्रोजेक्टची मार्गदर्शक झाली. कॉलेजातल्या मार्गदर्शकांना हे अजून माहीत नाही.

पेशी वाढवणं अवघड नसतं. त्या आपल्या आपण वाढतात. अवघड असतं ते त्या आत्ता कुठवर आल्यात, हे कळणं. नव्या भांड्यात टाकल्यावर काही काळ त्या नुसत्याच बसून असतात. मग एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा सुटतात. खाणं संपत आलं की थबकतात, आणि तरीही कुणी लक्ष दिलं नाही तर मरायला लागतात. जाक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा सगळा हिशेब १९४०च्या दशकात समीकरणात बसवला. ई. कोलाय हा जीवाणू मनासारखं खायला मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. ठाकुर्लीहून स्लो गाडीने ठाण्याला पोचेपर्यंत त्याची एक पिढी होऊन जाते. यीस्ट त्या मानाने संथ, दीड-दोन तास घेतं. पण दोघांच्याही बाबतीत औषध घालायचं, खाणं वाढवायचं किंवा सगळं उपसून काढायचं, याची एक वेळ असते, आणि ती वेळ कायम रात्री अडीचची असते. असं का, हे मोनोंनीही सांगितलेलं नाही.

कॉलेजात यासाठी यंत्र आहे. दर अर्ध्या तासाने भांड्यातून थोडा नमुना काढायचा, काचेच्या छोट्या चौकोनी नळीत घालायचा, यंत्रात ठेवायचा, ६०० नॅनोमीटरचा नारिंगी प्रकाश त्यातून पाठवायचा आणि पलीकडे किती पोचला ते बघायचं. जितक्या पेशी जास्त, तितका प्रकाश विखुरतो आणि तितका कमी पलीकडे पोचतो. नारिंगीच का, तर पेशींचं खाणं बहुधा पिवळसर असतं आणि त्या रंगात ते फारसा अडथळा आणत नाही. हे सगळं उत्तम आहे, फक्त रात्रभर दर अर्ध्या तासाने तिथे एक माणूस लागतो, आणि तो माणूस ठाकुर्लीचा असला तर पंचाईत. शेवटच्या स्लो गाडीचं टायमिंग पेशींना ठाऊक नसतं, आणि फास्ट पकडली तर ती ठाकुर्लीला थांबत नाही. डोंबिवलीला उतरून मध्यरात्री तंगडतोड करत यायचं. जगात ऑनलाइन सेन्सरचा शोध कशाकशामुळे लागला असेल कोण जाणे, आमच्या घरात तो मध्य रेल्वेच्या वेळापत्रकामुळे लागला.

भांड्याच्या अंगालाच डोळा बसवावा, त्याने रात्रभर बघत राहावं आणि सकाळी आलेख द्यावा, एवढंच त्याला हवं होतं. असे डोळे बाजारात मिळतात, पण किंमत विचारली की प्रतिनिधी आधी आपण कोणत्या कंपनीतून बोलताय ते विचारतो. भाचा म्हणाला, "घरून." तिकडून फोन ठेवला गेला.

आता हे सगळं मशिनशिवाय होतच नाही, असंही नाही. मुंबईत हा उद्योग सव्वाशे वर्षांपूर्वी झाला, तोही घाऊक प्रमाणात. १८९६ साली प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आले. जागा मिळाली एक खोली आणि व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतू वाढवायला त्यांनी बोकडाच्या मांसाचा रस्सा केला आणि चंबूतल्या त्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले. चक्क तूप. जंतू त्या तुपाच्या थेंबाला खालून लोंबकळत वाढायचे, गुहेच्या छताला चुनखडीचे लोंब लटकतात तसे. लोंब दिसले की वाढ झाली. चंबू हलवायचा, लोंब तळाशी पडायचे, मग नवे यायचे. असं काही आठवडे चालायचं. वाढ मोजायचा सेन्सर कोणता, तर हाफकिनसाहेबांचे दोन डोळे. १० जानेवारी १८९७ रोजी ती लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळला गेली आणि १९२५ पासून तिला त्यांचंच नाव आहे.

हे ऐकून आईने एकच प्रश्न विचारला, "तूप साजूक होतं ना?"

पण डोळ्याची एक मर्यादा आहे, आणि तीही हाफकिनांच्याच चरित्रात आहे. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एका बाटलीतली लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. दोष हाफकिनांवर आला, नोकरीवर गदा आली. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे बाहेर येऊन ते निर्दोष ठरेपर्यंत १९०७ उजाडलं. गढूळ दिसतंय म्हणजे काहीतरी वाढलंय, एवढंच डोळ्याला कळतं. कोण वाढलंय, ते कळत नाही. भाच्याचा सेन्सरही इथे हाफकिनांच्या डोळ्याइतकाच अडाणी आहे. फार तर वाढीचा वेग नेहमीपेक्षा भलताच दिसला तर कुणीतरी आगंतुक शिरलाय, अशी शंका तो घेऊ शकतो. घरात पाहुणे आलेत हे चपलांवरून कळतं. कोण आलेत ते आत गेल्यावरच.

गढूळपणा स्वस्तात मोजायची खटपटही जुनी आहे. इटलीतले अँजेलो सेक्की नावाचे धर्मगुरू, मूळ धंदा खगोलशास्त्र, त्यांनी १८६५ साली पोपच्या जहाजावरून समुद्रात पांढरी तबकडी दोरीने सोडली आणि ती कुठे दिसेनाशी होते ते बघितलं. आज आपल्याकडे स्पिरुलिना पिकवणारे शेतकरी टाकीत हेच करतात. काठीला पांढरी चकती लावायची, पाण्यात बुडवायची, दोन-तीन सेंटिमीटरवरच दिसेनाशी झाली की पीक काढणीला आलं. खर्च: काठी आणि चकती. १९०७ मध्ये जोसेफ मॅकफार्लंड यांनी ठरावीक गढूळपणाच्या नळ्यांचा संचच केला. आपली नळी शेजारी धरायची आणि कोणत्या नळीशी जुळते ते बघायचं. मागे काळ्या रेघांचा कागद धरतात, म्हणजे फरक लवकर कळतो. आमच्या सोसायटीतले लोक पावसाळ्यात नळाचं पाणी ग्लासात घेऊन मागे पेपर धरतात आणि मथळा वाचता येतो का बघतात, ती हीच पद्धत. मथळा वाचता आला तर उकळायचं, नाही आला तर टँकर.

भाचा मात्र लॅमिंग्टन रोडला गेला. त्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकरांचं नाव दिलेलं आहे, पण सुटे भाग घ्यायला जाणारा माणूस कायम लॅमिंग्टन रोडलाच जातो. तिथून तो आला तो पिशवीभर खजिना घेऊन. दोन-चार रुपयांचे एलईडी. तितक्याच किमतीचे, उजेड पडला की रोध बदलणारे एलडीआर. काही शे रुपयांचा, वायफाय असलेला चिमुकला बोर्ड. आणि मुख्य नग म्हणजे टर्बिडिटी सेन्सर, जो मुळात वॉशिंग मशीनसाठी जन्माला आलेला असतो. कपड्यांचं पाणी अजून मळकट आहे की निवळलं, हे बघून तो मशीनला सांगतो. त्याच्या एका पायातून प्रकाश निघतो, दुसऱ्या पायात पकडला जातो. मधलं पाणी मळकं असो की यीस्टने भरलेलं असो, त्याला देणंघेणं नाही. "आपल्या मशीनमधला तर नाही ना काढलास?" हिने विचारलं आणि खात्री करायला ती आत जाऊनही आली.

ढवळण्यासाठी त्याने जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्याला लोहचुंबक चिकटवलं. पंखा खाली फिरतो, बरणीतलं दुसरं लोहचुंबक वर फिरतं. पेशींना खायला गुळाचं पाणी. बेकरीतून आणलेलं यीस्ट. बरणी गॅलरीत.

पहिल्या आलेखाने घरात खळबळ माजवली. यीस्ट रात्रभर शिस्तीत वाढलं आणि सकाळी सात वाजता धडाधड मरायला लागलं. संध्याकाळी पुन्हा जिवंत झालं. दुसऱ्या दिवशी तसंच. "रात्रपाळीचं दिसतंय," शेजारचे काका म्हणाले. काकांच्या नोकरीची सुरुवात चोळा पॉवर हाऊसमधली. रेल्वेचं कोळशावर चालणारं स्वतःचं वीजकेंद्र, आता कधीचं बंद पडलेलं. पण काका अजून त्याच शिफ्टमध्ये झोपतात, त्यामुळे त्यांना यीस्टबद्दल लगेच आपुलकी वाटली. खरी गोष्ट अशी की आमची गॅलरी पूर्वेला आहे. सकाळचं ऊन सरळ सेन्सरच्या डोळ्यात जायचं. त्याला वाटायचं, अरे वा, भरपूर प्रकाश पोचतोय, म्हणजे पेशी संपल्या.

यावर उपाय दोन. एक, मोजताना आधी एलईडी बंद ठेवून बाहेरचा उजेड किती ते मोजायचं, मग एलईडी लावून मोजायचं आणि पहिला आकडा वजा करायचा. दुसरा, बरणीला काळं कापड गुंडाळायचं. त्याने दोन्ही केले. छत्रीचं कापड वापरलं. छत्री माझी.

मग बुडबुडे. गूळ खाऊन यीस्ट जो वायू सोडतं त्याचे बुडबुडे सेन्सरसमोरून जातात आणि सेन्सरला तेही पेशीच वाटतात. म्हणून मोजायच्या आधी ढवळणं थांबवून थोडं थांबायचं. पण जास्त थांबलं तर यीस्ट तळाशी बसतं. एका रात्री वीज गेली, पंखा बंद पडला आणि बोर्ड मात्र पॉवर बँकेवर चालू राहिला, तेव्हा आलेखाने सगळ्या पेशी एकदम वारल्याचं कळवलं. वीज आल्यावर त्या उठल्या. हे सगळं निस्तरताना त्या पोराने जेवढं शिकून घेतलं, तेवढं तयार यंत्राचं बटण दाबून शिकला नसता, असं माझं मत आहे. हिचं मत, बरणीला गुळाचा वास बसलाय, असं आहे.

वासाचं प्रकरण पुढे वाढलं. एका रविवारी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आणि खजिनदार दारात उभे. सेक्रेटरींनी चपला काढता काढताच सुरुवात केली, "वहिनी, तुमच्याकडून जरा... वास येतोय, असं वरच्या मजल्यावरून कळवलंय."

त्यांना गॅलरीत नेलं. तिथलं दृश्य आमच्या बाजूने बोलणारं नव्हतं. काळ्या कापडात गुंडाळलेली मोठी बरणी. आत तपकिरी द्रव. झाकणातून निघालेली रबरी नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली, आणि त्यातून बुड् बुड् बुड्. बाजूला वायरी आणि एक लाल दिवा, उघडझाप करणारा.

"कापड का गुंडाळलंय?"

"उजेड लागू नये म्हणून."

"म्हणजे लपवायला."

"नाही काका, मोजायला."

"आत काय आहे?"

"गूळ, पाणी आणि यीस्ट," भाचा निरागसपणे म्हणाला. आम्ही दोघांनी कपाळाला हात लावला.

सेक्रेटरींनी १९४९ सालच्या दारूबंदी कायद्याचा उल्लेख केला. खजिनदार मात्र वाकून बरणी निरखत होते. "नवसागर घातलाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग हातभट्टी नाही," ते ठामपणे म्हणाले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. "म्हणजे, असं ऐकून आहे," ते म्हणाले आणि रेलिंगला धरून खाली पार्किंगकडे बघू लागले.

भाच्याने मोबाइलवर आलेख उघडून दाखवला. संध्याकाळी यीस्ट घातलं, पहिले काही तास रेघ आडवी, मग चढण. "बघा काका, रात्री दोनच्या सुमाराला वाढ सगळ्यांत जोरात आहे."

"तेच तर सांगतोय," सेक्रेटरी उसळले, "दोन वाजताच वरच्या मजल्यावर वास सगळ्यांत जोरात होता. त्या उठून खिडक्या लावत होत्या."

भाच्याचे डोळे चमकले. "अगदी दोनला? नक्की? लिहून द्याल?"

तक्रार घेऊन आलेल्या माणसाकडे तक्रारीची लेखी प्रत आनंदाने मागणारा सभासद सेक्रेटरींनी पहिल्यांदाच पाहिला असावा. पण पोराचं बरोबर होतं. सेन्सर खरं सांगतोय की नाही, हे ठरवायला त्याच्याशी संबंध नसलेला दुसरा साक्षीदार लागतो. इथे तो वरच्या मजल्यावरच्या नाकाच्या रूपाने, फुकट आणि रागाच्या भरात मिळाला होता. कंपन्यांमध्ये याच कामाला कॅलिब्रेशन म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

बातमी पसरल्यावर मागण्या सुरू झाल्या. हिने सांगितलं, दह्यात लाव आणि लागलं की मोबाइलवर कळव. तिथे सेन्सर सपशेल नापास झाला. दूध मुळातच इतकं पांढरं की त्यात प्रकाश शिरतच नाही. जंतू दुप्पट होवोत की दसपट, सेन्सरला एकच अंधार. दह्याला आम्लता मोजावी लागते. दूध साडेसहा-पावणेसात पीएचचं असतं, ते ४.६च्या आसपास उतरलं की त्यातलं केसीन एकत्र येऊन दही लागतं. पीएच मोजणारी काचेची दांडी मिळते, पण ती क्षाराच्या द्रावणात बुडवून ठेवायची, वरचेवर ठरावीक पीएचच्या द्रावणात घालून तपासायची, धुवायची, जपायची. आई पातेलं किंचित कलतं करते, बघते आणि "लागलं" म्हणते. आईची देखभाल त्या दांडीपेक्षा सोपी आहे, सकाळचा चहा वेळेवर मिळाला तर.

इडलीच्या पिठाचं मात्र जमलं. पीठ आंबताना जे जीवाणू काम करतात, त्यांत ल्युकोनॉस्टॉक नावाचे जीवाणू वायू सोडतात आणि पीठ वर येतं. भाच्याने डब्याच्या झाकणाला आतून शंभर-दीडशे रुपयांचा, आवाजाच्या लहरी सोडून अंतर मोजणारा सेन्सर लावला. पीठ चढतंय की थांबलंय, ते बाहेर कळायला लागलं. डिसेंबरातल्या थंडीत पहाटे पाचला त्याने संदेश पाठवला, "अजून चढतंय, घाई नको." त्या इडल्या चांगल्या झाल्या होत्या, हे मी निःपक्षपातीपणे सांगतो.

खरी मेख काकांनी काढली. मोठ्या उत्साहाने चाललेला आलेख बघत ते म्हणाले, "ही रेघ आता आडवी झालीय. म्हणजे पेशी मेल्या की बसल्यात?" भाचा गप्प झाला. कारण प्रकाशवाल्या सेन्सरला मेलेली आणि जिवंत पेशी सारखीच दिसते. दोघीही प्रकाश अडवतात. "म्हणजे आमच्या पेन्शनसारखंच," काका म्हणाले. दर नोव्हेंबरात त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून बोटाचा ठसा देऊन डिजिटल दाखला मिळतो. पण काकांच्या बोटांचे ठसे कोळशाने आणि वयाने झिजलेत, त्यामुळे समोर बसलेले काका हयात नाहीत, असं यंत्र अधूनमधून म्हणतं.

पेशींनाही हयातीचा दाखला देणारा सेन्सर आहे. तो विजेवर चालतो. जिवंत पेशीचं आवरण शाबूत असतं, त्यामुळे विजेच्या क्षेत्रात ती चिमुकल्या कपॅसिटरसारखी भार धरून ठेवते. मेलेल्या पेशीचं आवरण गळकं, तिच्यात भार टिकत नाही. हा फरक मोजणारी दांडी लाखांच्या घरात जाते. दोन-चार रुपयांचा दिवा सांगतो, किती आहेत. त्यांतल्या जिवंत किती, ते विचारलं की लाख पडतात.

आणि महागड्या सेन्सरची बाजूही ऐकून घ्यायला हवी. औषधाच्या कारखान्यात भांडं आणि त्यातली प्रत्येक दांडी १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत निर्जंतुक करतात, तेही दर खेपेला. आमचा वॉशिंग मशीनवाला नग त्या वाफेत पहिल्याच दिवशी मान टाकेल. शिवाय आकडा रोज थोडाथोडा घसरता कामा नये, आणि घसरला नाही हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने १९५५ साली पेनिसिलिन काढायला सुरुवात केली. पेनिसिलिनची बुरशी तर गाठी करून वाढते. तिथे गढूळपणा बघून भागत नाही, नमुना गाळायचा, वाळवायचा आणि तोलायचा. एक टाकी वाया गेली तर जे नुकसान होईल, त्याच्यापुढे सेन्सरची किंमत किरकोळ. तिथे पैसे मोजले जातात ते दिसण्याचे नाहीत, भरवशाचे. त्यामुळे 'दोनशे रुपयांत लाखाचं काम' असे व्हिडिओ बघून कुणी लस करायला बसू नये.

मग स्वस्त सेन्सरने करावं काय? उत्तर आमच्या नाकाखालीच निघालं. किंबहुना तळघरात.

नव्वद फुटी रस्त्याच्या बाजूला जी नवी संकुलं झालीत, तशांपैकी एकात भाच्याचा मित्र राहतो. तळघरात सांडपाणी प्रक्रिया केंद्र. कुणाला आवडो न आवडो, तोही बायोरिॲक्टरच आहे, आणि आमच्या बरणीहून कितीतरी मोठा. हवा फुंकून जीवाणू वाढवायचे, त्यांनी घाण खायची, मग त्यांना तळाशी बसू द्यायचं आणि वरचं निवळ पाणी पुढे सोडायचं. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी ही रीत मांडली, ती आजही तशीच चालते. भाच्याने आपला सेन्सर त्या चॉकलेटी पाण्यात बुडवला. आलेखावर सरळ रेघ. पाणी त्याच्या आवाक्याबाहेर दाट होतं.

तिथला ऑपरेटर शांतपणे बघत होता. "दादा, मीटर आमच्याकडंबी व्हतं. असंच रेघ मारायचं," तो म्हणाला आणि त्याने एक लिटरचं काचेचं नळकांडं टाकीतून भरून कठड्यावर ठेवलं. "अर्धा तास थांबा."

पहिल्या दोन-तीन मिनिटांत काहीच नाही. मग वरच्या कडेला निवळ पाण्याची बोटभर पट्टी दिसली. खालचा गाळ कापसाच्या पेळूसारखा एकसंध खाली सरकायला लागला, कडा स्वच्छ. अर्ध्या तासाने तो अडीचशेच्या खुणेवर थांबला. "दोनशे-तीनशेच्या मधी हाय ना, मग झकास," ऑपरेटर म्हणाला. "चारशेच्या वर राह्यलं तर गाळ फुगला. आन् वास घ्या, पावसाच्या मातीचा येतोय का? अंड्याचा आला तर हवा कमी." बायोटेकच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने खाली वाकून मैल्याच्या टाकीचा वास घेतला आणि मान डोलावली. हे दृश्य त्याच्या आईला कधीही सांगायचं नाही, असं आमचं ठरलंय.

परत येताना तो बोलत नव्हता. मग म्हणाला, "मामा, सेन्सर टाकीत नाही, नळकांड्याला लावायला हवा." आता तो नळकांड्याला बाहेरून, काचेलाच, एकावर एक एलईडी-एलडीआरच्या जोड्या लावतोय. गाळ कुठल्या मिनिटाला कुठल्या खुणेखाली उतरला, ते आपोआप नोंदवलं जाईल, रात्रीसुद्धा, जेव्हा ऑपरेटर झोपलेला असतो आणि हवेचा पंखा विनाकारण फिरत असतो. अशा केंद्राचं निम्म्याहून जास्त वीजबिल त्या हवेवरच जातं, आणि बिल मेंटेनन्समध्ये येतं. काचेला बाहेरून लावल्यामुळे निर्जंतुक करायची भानगड नाही, पाण्याला हात लावायचा नाही, बिघडला तर शंभरभर रुपयांत नवा. आकडा किंचित इकडेतिकडे झाला तरी कुणाचा जीव जात नाही. स्वस्त सेन्सरला शोभेल अशी हीच जागा.

तेव्हा ज्यांच्या घरी बायोटेकला शिकणारं किंवा नुसतंच उचापती पोर आहे, त्यांना माझं सांगणं: त्याला लॅमिंग्टन रोडला खुशाल जाऊ द्या. एलईडी दोन जास्तच आणायला सांगा, जळतात. बरणी त्याला स्वतःची घेऊन द्या, छत्री जुनी द्या. गुळाऐवजी साखर वापरली तरी चालते, रंगही आड येत नाही. आणि यीस्ट घालायच्या आधी सोसायटीला लेखी कळवून पोच घ्या.